काका, तुकडा बसला

काका, सप्रेम नमस्कार.

नाव टाकू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून टाकत नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानणार. जुन्या होडीचं शीड आणि सामान शोधताना वर्षभर नकारही चारचौघांतच ऐकलेत.

माझी होडी एंटरप्राइझ, म्हणजे छोटी लाकडी शिडाची होडी. जॅक होल्टने 1956 मध्ये आखलेली, निळ्या शिडांवरून लांबूनही ओळखू येणारी जात. माझ्या हाती आली तेव्हा अगदी बोडकी होती. बूम, म्हणजे मोठ्या शिडाच्या तळाची आडवी काठी, गायब, डोलकाठी बुडाशी कुजलेली, मोठ्या शिडाच्या नुसत्या चिंध्या. जिथे जाईन तिथे पहिलं वाक्य ठरलेलं: ‘एवढ्या खर्चात नवी फायबरची येईल.’ येत नाही. मी हिशोब करून बघितलाय.

एका मोठ्या विक्रेत्याने आगाऊ पैसे घेऊन शीड पाठवलं. शिडाच्या कडेला शिवलेला दोर डोलकाठीच्या खाचेपेक्षा जाड निघाला. वीतभर आत गेला आणि अडकला. साबण लावला, मेणबत्ती घासली, खाली दोघं ओढायला उभे राहिले. शेवटी फोन केला, तर म्हणे, ‘माप स्टँडर्ड आहे, तुमचं लाकूड फुगलं असेल.’ लाकूड फुगलं! ते शीड अजून माळ्यावर पडलंय. पैसे आले नाहीत, येणारही नाहीत.

आणि मग शिडं शिवणारे तुम्ही. पहिल्याच फोनवर तुम्ही विचारलंत, ‘काठी वाकते किती?’ मी गप्पच. हा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. काठी दोन्ही टोकांना टेकवून आडवी ठेवा, मधोमध 10 लिटर पाण्याची बादली टांगा आणि किती झोक पडतो ते कळवा, म्हणालात. वाकणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या काठीसाठी बेतलेलं शीड ताठ लाकडी काठीवर चढवलं की त्याची झोळी होते, हे मला तेव्हा कळलं. बाकीच्यांना ते माहीत नसेल असं नाही. विचारायचा कंटाळा, दुसरं काय.

काठीही तुम्हीच वाचवलीत. नवी घ्यायला लावली असतीत तर मी मुकाट्याने घेतली असती. कुजका भाग कापा, नवं लाकूड तिरक्या जोडाने बसवा, जोडाची लांबी जाडीच्या 8 पटींपेक्षा कमी नको, एवढं सांगून मोकळे झालात. डोलकाठीच्या पुढचं छोटं जुनं शीड मी टाकूनच देणार होतो. तुम्ही ते उन्हात धरलंत, शिवणीचा दोरा नखाने ओढलात, तो कट्‌कन तुटला. ‘कापड धड आहे, उन्हाने दोरा मेलाय. पुन्हा शिवून घ्या.’ बूम तर तुम्ही मोडीत निघालेल्या एका एंटरप्राइझची शोधून ठेवली होती.

पण हे पत्र त्यासाठीही नाही. ते त्या पाकिटासाठी आहे.

माझ्या नव्या मोठ्या शिडाला तुम्ही कात्री लावायच्या आधी तुमचं एक पाकीट आलं. आत बोटभर लांबीचा कापडाचा तुकडा, त्याच्या कडेला दोर शिवलेला. शिवणसुद्धा पक्की, दुहेरी, जणू तोच वाऱ्यावर जाणार होता. बरोबर पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी: ‘आधी हा खाचेत घालून बघा. वरपासून खालपर्यंत फिरवा. कुठे अडला तर खूण करा.’ मी काठी व्हरांड्यात आडवी घातली आणि तुकडा सरकवत नेला. मधे एका जागी अडला. तिथे जुन्या वॉर्निशचा थेंब सुकून बसला होता. सँडपेपर फिरवला, आणि तुकडा तळापर्यंत गेला. कसलाही आवाज न करता. मी तो चार-पाच वेळा वरखाली फिरवला, उगाचच. बायको दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलली नाही, हेही नवलच.

त्या तुकड्याचे पैसे तुम्ही लावले नाहीत. बिलात त्याचा उल्लेखही नाही. गिऱ्हाइकाचा माल त्याच्या हातात पडल्यावर काय होईल, याचा विचार आधी करणारी माणसं आहेत अजून. त्यांच्या जाहिराती नसतात, म्हणून सापडायला वर्ष जातं, एवढंच.

शीड गेल्या रविवारी चढवलं. एका दमात वर गेलं.

चिठ्ठीच्या तळाशी तुम्ही लिहिलं होतं, ‘नाही बसला तर तुकडा परत पाठवा.’ बसला, काका. म्हणून पाठवत नाही.

तुमचा,
निळ्या शिडाचा होडीवाला