सही करण्याआधी

खारघर, नवी मुंबई

प्रिय चिऊ,

बाळाच्या नाळेतलं रक्त खासगी कंपनीकडे गोठवून साठवण्याच्या करारपत्राचे आणि माहितीपत्रकाचे फोटो तू पाठवलेस, ते सगळे वाचले. जावईबुवांचं म्हणणं, बाळासाठी जे करता येईल ते करू. तुझ्या सासूबाईंना वाटतं, विहीणबाई याच क्षेत्रातल्या आहेत तर त्यांनीच सांगावं. फोनवर हा विषय दर वेळी अर्धवट राहतो, म्हणून लिहिते. मत आधीच सांगून टाकते: सही करू नका. पण ‘आई म्हणाली’ एवढ्यावर तू हा निर्णय घेऊ नयेस, म्हणून कारणंही वाच.

त्या माहितीपत्रकातलं सगळंच खोटं नाही. नाळेच्या आणि वारेच्या रक्तात रक्ताच्या मूलपेशी, म्हणजे ज्यांच्यापासून रक्तातल्या सगळ्या पेशी घडतात त्या, खरोखरच असतात. 1988 मध्ये पॅरिसला एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अ‍ॅनिमिया असलेल्या एका लहान मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतलं रक्त दिलं आणि मुलगा बरा झाला. जगातलं या प्रकारचं ते पहिलं प्रत्यारोपण. पण रक्त बहिणीचं होतं, हे लक्षात घे. त्याचं स्वतःचं साठवलेलं असतं तर काहीही उपयोग झाला नसता, कारण आजार आनुवंशिक होता आणि त्याच्या नाळेतल्या पेशींतही तोच दोष होता. पत्रकात आजारांची जी लांबलचक यादी आहे, त्यात थॅलेसेमिया आहे, सिकलसेल आहे. हे हिमोग्लोबिनचे आजारही आनुवंशिक, म्हणजे याच जातीचे. ल्युकेमियाचंही, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचंही, काहीसं तसंच: लहानपणी होणाऱ्या काही ल्युकेमियांत पहिला जनुकीय बदल जन्माच्या वेळच्या रक्तातच सापडलेला आहे. शिवाय तिथे दुसऱ्या माणसाच्या मूलपेशी जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांच्यापासून बनलेल्या प्रतिकारपेशी उरलेल्या कर्कपेशींवर हल्ला करतात. स्वतःच्या पेशी ते करत नाहीत. म्हणजे ‘बाळाचं रक्त बाळासाठी’ या वाक्याला त्या यादीतल्या बहुतेक आजारांत काही अर्थ उरत नाही.

आता माझ्या कामाबद्दल. तू लहानपणी विचारायचीस, तू लॅबमध्ये काय बघतेस, आणि मी ‘रक्त’ म्हणून मोकळी व्हायचे. आज नीट सांगते, कारण तुझ्या पोटात आत्ता तेच चाललंय.

बाळाचं हिमोग्लोबिन तुझ्यामाझ्यासारखं नसतं. पोटात असताना त्याला तुझ्या रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायचा असतो, म्हणून त्याचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन अधिक घट्ट धरतं. ते गॅमा ग्लोबिनच्या जनुकावरून बनतं. शेजारीच, अकराव्या गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात, मोठ्या माणसाच्या बीटा ग्लोबिनचं जनुक असतं. जन्माच्या सुमारास गॅमा हळूहळू बंद होत जातो, बीटा जोर धरतो, आणि सहा महिन्यांच्या आसपास बाळाचं बहुतेक हिमोग्लोबिन प्रौढ प्रकारचं झालेलं असतं. या काळात जनुकांचा मजकूर एका अक्षरानेही बदलत नाही. बदलतं ते एवढंच की कोणतं जनुक वाचलं जाणार. हजारो अक्षरं दूर असलेला एक नियंत्रक पट्टा डीएनएची कमान करून आधी गॅमाला जाऊन भिडतो, पुढे बीटाला. हे कोण ठरवतं, केव्हा, आणि रक्ताच्या मूलपेशीतून लाल पेशी घडताना नेमक्या कोणत्या टप्प्यावर, हाच माझा विषय. माणसाच्या पेशीत प्रथिनांची जनुकं सुमारे 20,000. यकृताच्या पेशीत तीच, डोळ्याच्या पडद्यात तीच, मूलपेशीतही तीच. फरक सगळा नियमनात. इतकी वर्षं झाली तरी याचं मला आश्चर्य वाटतं आणि ते कमी होत नाही.

बीटा थॅलेसेमियाचं मूल जन्मतः ठणठणीत दिसतं ते याचमुळे. गॅमा त्याला सांभाळून घेत असतो. सहा महिन्यांनंतर गॅमा मागे सरतो, बीटा बिघडलेला असतो, आणि पोर फिकट पडायला लागतं. मग आयुष्यभर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवायचं आणि त्यातून साचणारं लोह औषधांनी काढत राहायचं. आपल्या ठाणे जिल्ह्यात, विशेषतः उल्हासनगरकडे, अशी घरं आहेत. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजात वाहकांचं, म्हणजे स्वतः ठणठणीत पण बिघडलेलं एक जनुक असलेल्यांचं, प्रमाण जास्त आहे. मराठी घरांतही वाहक असतात. नमुने द्यायला येणाऱ्या एका आईने मला विचारलं होतं, ‘जन्माला आला तेव्हाचं रक्त चांगलं होतं ना, मग ते परत का येत नाही?’ आमच्या अख्ख्या क्षेत्राचा प्रश्न तिने एका वाक्यात मांडला होता.

आणि त्याचं उत्तर मिळालं, चिऊ! गॅमाला गप्प करणारं मुख्य प्रथिन बीसीएल11ए आहे, हे 2008 मध्ये स्पष्ट झालं. मग कळलं की त्या जनुकाचा एक छोटासा नियंत्रक तुकडा फक्त लाल पेशींच्या वंशात काम करतो. तेवढाच कापला तर बाकी शरीरात बीसीएल11ए शाबूत राहतं आणि लाल पेशींत गॅमा परत सुरू होतो. क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्राने नेमकं हेच करणाऱ्या कॅसजेव्ही या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, पुढच्याच महिन्यात अमेरिकेने सिकलसेलसाठी. किंमत तिथे वीस लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या मुलांपर्यंत ते पोचणं अजून लांब आहे. मला ते सहन होत नाही, पण तो वेगळा विषय. तुझ्यापुरता मुद्दा असा की या उपचारासाठी मूलपेशी कुठून घेतात? रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातून, तो मोठा झाल्यावर. गोठवलेली नाळ कुणी मागत नाही.

कंपनीचा एजंट म्हणेल, पुढे विज्ञान कुठे जाईल काय सांगावं. विज्ञान गेलंच आहे, आणि नाळेपासून लांब गेलं आहे. 2006 मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशींत चार जनुकं घालून त्यांना पुन्हा मूलपेशीसारखं केलं, 2007 मध्ये माणसाच्या. 2012 मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. 2014 मध्ये जपानमध्ये एका स्त्रीच्या त्वचेपासून अशा पेशी बनवून त्यातून तिच्याच डोळ्याच्या पडद्यासाठी थर तयार केला गेला. यातलं बरंचसं अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. पण ज्याला पुढे स्वतःच्या मूलपेशी लागतील, त्याच्याजवळ त्याची त्वचा असेलच.

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत सरळ लिहिलंय की पुढे स्वतःसाठी वापरायला नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही. नाळेच्या उतीचं जे जास्तीचं पॅकेज तुम्हाला दाखवलं, ते साठवायला तर त्या सूचनांनुसार परवानगीच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये खासगी साठवणुकीला पाठिंबा दिला नाही. अपवाद एकच: घरात आधीच्या मुलाला थॅलेसेमियासारखा आजार असेल, तर धाकट्याच्या नाळेचं रक्त जरूर साठवावं, कारण सख्ख्या भावंडांत जुळणी होण्याची शक्यता चारात एक असते. आपल्याकडे तसं काही नाही.

मला राग कशाचा येतो सांगू? सातव्या महिन्यातल्या बाईला सोनोग्राफीच्या रांगेत गाठून ‘उद्या काही झालं तर?’ असं विचारतात, आणि त्या भीतीवर आमच्या कामाचं नाव चिकटवतात.

साठवायचं ते रक्त मुळात कुणाचं आहे, हे तर त्या पत्रकात कुठेच नाही. ते बाळाचंच आहे, आणि त्याला ते त्याच मिनिटाला हवं असतं. नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटं थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्यात सुमारे 80 ते 100 मिलिलिटर रक्त बाळाकडे जातं, आणि त्यातलं लोह पुढचे कित्येक महिने पुरतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या 67 टक्के भारतीय मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. थांबायचं ठरवलं तर पिशवीत साठवायला पुरेसं रक्त बहुधा उरत नाही, आणि पिशवी भरायची ठरवली तर थांबता येत नाही. मला विचारशील तर ते रक्त बाळालाच जाऊ दे.

डॉक्टरबाईंना पुढच्या भेटीत हेच सांग: निदान मिनिटभर थांबून नाळ कापा, सिझेरियन झालं तरी. बाळाला श्वासाची मदत लागली तर काय करायचं ते त्या ठरवतील, तिथे आग्रह धरू नकोस. हे फाईलवर लिहून घे, ऐन वेळी सांगायचं राहून जातं.

तुझी एचबीए2 ची, म्हणजे थॅलेसेमियाचा वाहक ओळखण्याची, तपासणी तिसऱ्या महिन्यातच झाली आणि तू वाहक नाहीस हे कळलं, तेव्हा बाळाला थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणाऱ्या प्रकाराची, धास्ती उरली नाही. त्या साध्या तपासणीने जे केलं, ते हे पॅकेज करणार नाही. तुझ्या नणंदेचं लग्न ठरतंय ना? तिलाही आत्ताच करून घ्यायला सांग, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्या मुलाचीही करा. दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात चारात एक धोका असतो, आणि आधी कळलं तर मार्ग असतात.

शनिवारी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येते. सासूबाईंना काही विचारायचं असेल तर तेव्हा बसून बोलू. लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, मध्ये दोन तास तरी जाऊ दे.

तुझी,
आई