गाळातील पाणी न काढणाऱ्या फिल्टर प्रेसबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सांडपाणी शुद्धीकरण केंद्रासाठी पुरवलेली फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारे यंत्र) व पॉली (गाळाच्या गुठळ्या बांधणारे रसायन) यांबाबत.

महोदय,

कोल्हापूरच्या पावसाळ्यात गाळ वाळवण्याचे वाफे निरुपयोगी ठरतात, म्हणूनच आमच्या गृहनिर्माण संस्थेने आपल्याकडून फिल्टर प्रेस घेतली. केकमध्ये, म्हणजे पाणी काढल्यावर उरणाऱ्या गाळाच्या वडीत, किमान २५ टक्के घन पदार्थ राहतील, असे आपण कोटेशनमध्ये लेखी दिले आहे. प्रत्यक्षात प्लेटा उघडल्यावर कडेला बोटभर घट्ट थर आणि मध्ये पिठल्यासारखा गाळ असतो. केक आपोआप सुटून पडत नाही, ऑपरेटरला तो खरवडून काढावा लागतो. तपासणीत घन पदार्थ जेमतेम १० टक्के भरले. हा फरक किरकोळ नव्हे : एक टक्का घन पदार्थ असलेल्या १००० लिटर गाळाचा २५ टक्क्यांचा केक सुमारे ४० किलो होतो, तर १० टक्क्यांवर तोच १०० किलो भरतो, आणि वाहतुकीचे पैसे आम्ही वजनावर मोजतो.

दोष ऑपरेटरचा असल्याचे आपले म्हणणे आम्हाला मान्य नाही. आपण पाठवलेल्या पॉलीच्या पोत्यांवर ‘अ‍ॅनायनिक’ (ऋण भाराचे) असे स्पष्ट छापलेले आहे. जैविक गाळाच्या कणांवर ऋण भार असल्यामुळे त्यासाठी सर्वसाधारणपणे कॅटायनिक (धन भाराचे) पॉली वापरतात, हे या धंद्यातल्या कंपनीला ग्राहकाने सांगावे लागावे, याचे नवल वाटते. गुठळ्या न बांधल्यामुळे बारीक कण थेट प्रेसच्या गाळण-कापडावर बसतात, छिद्रे बुजतात, पंपाचा दाब चढतो आणि पाणी सुटायचे थांबते; सुटते तेही गढूळ, जे कलेक्शन टाकीत परत जाऊन काढलेला गाळ पुन्हा केंद्रात फिरवते. आपल्या तंत्रज्ञाच्या सूचनेवरून मात्रा वाढवली, तर कापड आणखीच बुळबुळीत झाले. त्यावर ‘पाणीदार गाळ गटारीला सोडा’ असा सल्ला त्यांनी दिला. आमची गटार जयंती नाल्याला आणि नाला पंचगंगेला मिळतो, त्यामुळे असे काही आमच्याकडून होणार नाही.

तरी आमच्याच गाळावर जार टेस्ट (भांड्यात थोड्या गाळावर पॉली तपासून पाहणे) घेऊन योग्य कॅटायनिक पॉली पुरवावे, बुजलेली कापडे विनामूल्य बदलावीत आणि आमच्यासमोर चाचणी घेऊन २५ टक्क्यांचा केक काढून दाखवावा. पंधरा दिवसांत हे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल. तोवर बिलाची उर्वरित रक्कम अदा केली जाणार नाही.

आपला,
सचिव, सहकारी गृहनिर्माण संस्था, कोल्हापूर