राणीच्या माहेरावर सरसकट ठपका नको

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कोरियाच्या शेवटच्या राजघराण्यावरचा लेख वाचला. राणी म्यॉंगसॉंगच्या माहेरच्या मिन घराण्याने राज्य पोखरले, असा एकूण सूर आहे. आरोप खोटा नाही. पण या मंडळींना दरबारात आणले कोणी, ते लेखात कुठेच येत नाही.

आणले सासऱ्यानेच! राजा गोजोंगचे वडील देवॉन्गुन यांची आई मिन, बायकोही मिन. आन्दोंगच्या किम घराण्याने राण्या देऊन सुमारे साठ वर्षे दरबार मुठीत ठेवला होता. माहेरची ती लुडबुड पुन्हा नको, म्हणून 1866 मध्ये त्यांनी बिनबापाची सून पसंत केली. तिच्या घरी दत्तक आलेला भाऊ मात्र देवॉन्गुनचाच सख्खा मेहुणा होता. 1873 मध्ये सुनेने सासऱ्याला घरी बसवले, तेव्हा हा मेहुणा तिच्या बाजूने उभा राहिला.

या घराण्याचे मूळ गाव यॉजू. राणी 1851 मध्ये जिथे जन्मली, ते घर तिथे आजही आहे. पूर्वज मिन यु-जुंग यांच्या कबरीच्या देखभालीसाठी ते 1687 मध्ये बांधले होते. यु-जुंगची लेकही राणीच, इनह्यॉन. नवऱ्याने 1689 मध्ये तिला हाकलले आणि 1694 मध्ये परत आणले. त्याच्याही आधी, पंधराव्या शतकात, राजा तेजोंगने गादी मिळवायला मदत करणाऱ्या मिन मेहुण्यांना, चारही जणांना, मरायला लावले. राजाशी सोयरीक या घराला अशी महागात पडत आली होती.

लेखात 1882 च्या शिपायांच्या बंडाचा उल्लेख आहे. तेरा महिने पगार थकलेला, आणि मग हातावर टेकवला तो वाळू-कोंडा मिसळलेला तांदूळ. कारभार मिन ग्यॉम-हो यांच्याकडे होता. चिडलेल्या शिपायांनी त्यांना ठार केले. इथपर्यंत ठीक. पण त्यांचेच पोटचे पोर मिन युंग-ह्वान. कोरियाचे परराष्ट्र व्यवहार जपानच्या हाती देणारा करार नोव्हेंबर 1905 मध्ये झाला, तेव्हा तो रद्द करण्यासाठी ते झगडले आणि काही उपयोग होत नाही म्हटल्यावर त्यांनी जीव दिला. त्यांचे रक्ताळलेले कपडे ठेवलेल्या खोलीत बांबू उगवला, अशी आख्यायिका आहे. उलट त्याच घराण्यातल्या मिन युंग-ह्वी यांनी 1910 मध्ये जपान्यांकडून सरदारकी घेतली.

लेखाचा पुढचा भाग येणार आहे, असे दिसते. त्यात या दोघांची नावे तरी यावीत.

– एक वाचक, पुणे