लॅमिंग्टन रोडच्या दुरुस्तीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

काल भुंग्याच्या पाठीवरचा आपला इवलासा सर्किट बोर्ड चालला! गेंडा भुंगा खोलीत मोकळा उडत होता आणि त्याच्या स्नायूंचे विजेचे इशारे माझ्या लॅपटॉपवर उमटत होते. पहिला फोन तुम्हालाच लावला, पण दुकानातल्या गोंगाटात धड बोलता आलं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

भुंग्यावर इलेक्ट्रॉनिक्स कशाला, असं लोक विचारतात. बर्कली आणि सिंगापूरच्या संशोधकांनी 2015 साली दाखवलं की भुंग्याचा जो स्नायू फक्त पंख मिटायच्या कामाचा समजला जायचा, तोच त्याला उडताना वळायलाही मदत करतो. हे कळलं, कारण पाठीवर जेमतेम एक-दीड ग्रॅमचं यंत्र मेणाने चिकटवून त्यांनी भुंगा मोकळा सोडला होता. बांधून ठेवलेला भुंगा खरं वळण घेणार कसा? त्यांचा भुंगा सुमारे आठ ग्रॅमचा होता. आपल्या वसईच्या माडांवरचा त्याहून लहान, म्हणून इथे प्रत्येक मिलिग्रॅमला किंमत.

बोर्डाचं बारीक काम करून घ्यायला, हे सांगत मी किती दारं ठोठावली! एका दुकानदाराने आगाऊ पैसे घेतले, बोर्डाचे पॅड, म्हणजे तारा जोडायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडले आणि वर 'आधीच खराब होता' म्हणून हात झटकले. एका प्रयोगशाळेत उत्तम मायक्रोस्कोप होता, पण तिथल्या साहेबांनी 'किड्यामुंग्यांच्या खेळांना वेळ नाही' म्हणत दारातूनच वाटेला लावलं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही मात्र बोर्ड हातात घेतलात आणि विचारलंत, "किती वजन पेलतो हा भुंगा?" नेमका हाच प्रश्न तोवर कुणीही विचारला नव्हता. मग बॅटरीचं सॉकेट काढून तारा थेट जोडल्यात, केसाएवढ्या तारेचा जंपर, म्हणजे जोड, मारलात. मला वाटलं, झालं काम. पण तुम्ही पुन्हा मायक्रोस्कोपवर वाकलात आणि प्रत्येक जोडावरचं जादा सोल्डर विकने, म्हणजे ते शोषणाऱ्या तांब्याच्या वेणीने, टिपून घेत राहिलात. सोल्डर करताना लावलेला चिकट फ्लक्सही ब्रशने धुऊन काढलात. बाहेर फुटक्या स्क्रीनवाली गिऱ्हाइकं कुरकुरत होती. त्यांना म्हणालात, "थांबा जरा. मुक्या जिवाच्या पाठीवर फुकटचं ओझं कशाला?"

काका, मला तिथेच भरून आलं होतं. ना तुम्हाला पेपरात नाव हवं होतं, ना माझ्या प्रयोगातून काही मिळणार होतं. समोरच्याचं काम, मग ते भुंग्याचं का असेना, मनापासून करावं एवढंच तुम्हाला ठाऊक. अशा माणसांच्या जिवावर ही मुंबई चालते, हे मी आता कुणालाही ठासून सांगेन.

आलेख छापून घेतलाय. शनिवारी घेऊन येते, आणि दुसरा बोर्डही. या वेळी मजुरी पूर्ण घ्यायची, नाही म्हणायचं नाही.

तुमची,
भुंगेवाली