जांभळ्या टोपीचा दाणा: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: मक्याच्या सरकारी पैदास कार्यक्रमात डबल हॅप्लॉइड (शुद्ध लाइन झटपट करण्याच्या) पद्धतीसाठी दरवर्षी निधी मिळावा.

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सिल्लोड तालुक्यातला. घरी मका होताच, पुढे कृषी पदवी घेऊन नऊ वर्षं मका पैदाशीच्या प्लॉटवर काम केलं. संकरित वाणाला आई आणि बाप अशा दोन शुद्ध लाइन, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुण न बदलणारे मके, लागतात. लाइन शुद्ध करायची म्हणजे झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसावर टाकायचा, बी धरायचं, पुन्हा पेरायचं. हे सहा ते आठ पिढ्या चालतं. केस बाहेर पडायच्या आत कणसाला पिशवी, आदल्या दिवशी तुऱ्याला पिशवी, आणि पिशवीवर पेन्सिलने तारीख. एका उन्हाळ्यात ऐन केस निघायच्या वेळी विहीर आटली आणि सहाव्या पिढीतल्या चाळीस ओळी करपल्या. तीन वर्षांची मेहनत आठ दिवसांत गेली. त्या ओळींतून चालताना पायाखाली पानं कुरकुर वाजत होती, तो आवाज अजून कानात आहे.

2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी आपल्याकडे आली. त्या खरिपात कुणी अळीला तग धरणारी लाइन जुन्या पद्धतीने करायला घेतली असती, तर वर्षाला दोन हंगाम धरूनही ती शुद्ध व्हायला तीन-चार वर्षं लागली असती. संकर करून चाचण्या घ्यायच्या त्याच्याही पुढे. अळी तोवर थांबत नाही, पाऊसही नाही.

साहेब, हाच काळ दोन-तीन हंगामांवर आणता येतो, आणि त्याची किल्ली दाण्याच्या रंगात आहे. इंड्यूसर नावाचा एक खास मका असतो. त्याचा पराग आपल्या मक्यावर टाकला की कणसातल्या काही दाण्यांच्या अंकुरात बापाचा वाटाच राहत नाही. वीसऐवजी दहाच गुणसूत्रं, तीही फक्त आईची. हे हॅप्लॉइड दाणे ओळखायचे कसे? इंड्यूसरमध्ये आर-1 नवाहो नावाचा जांभळ्या रंगाचा जनुक असतो. दाणा हातात घ्या. डोक्यावर जांभळी टोपी आणि पोटातला अंकुरही जांभळा, तर तो साधा दाणा, बाजूला टाका. टोपी जांभळी पण अंकुर पांढरा, तोच आपल्या कामाचा. त्याचा कोंब कोल्चिसिन नावाच्या रसायनात भिजवला की गुणसूत्रं दुप्पट होतात. ते झाड स्वतःच्याच परागावर बी धरतं आणि एका फटक्यात पूर्ण शुद्ध लाइन हाती येते. हीच डबल हॅप्लॉइड लाइन.

1959 मध्ये पहिला इंड्यूसर नोंदवला गेला, तेव्हा शंभरात दोन-तीन हॅप्लॉइड मिळत. युरोपात सुधारलेले इंड्यूसर आपल्यासारख्या उष्ण मुलखात बुटके राहायचे, रोगाला बळी पडायचे, पराग जेमतेम द्यायचे. म्हणून सिमिट ही मका-गव्हावर काम करणारी आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आणि जर्मनीच्या होहेनहाइम विद्यापीठाने मिळून उष्ण कटिबंधाला मानवणारे इंड्यूसर तयार केले. केनियात किबोकोला अशा लाइन करून देणारं केंद्र उभं राहिलं. डिसेंबर 2021 मध्ये असंच केंद्र कर्नाटकात कुणीगलला, बंगळूरच्या कृषी विद्यापीठाच्या आवारात सुरू झालं. कोल्हापूरहून ते एका रात्रीच्या प्रवासावर आहे.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. उष्ण कटिबंधातल्या बऱ्याच मक्यांत हा जांभळा रंग दाबून टाकणारा जनुक असतो. टोपीच उमटत नाही, मग निवड कशावरून करणार? त्यावर मुळांच्या रंगाचा उपाय आहे. लाल मुळांचा गुण असलेला इंड्यूसर वापरला की साध्या रोपांची मुळं लाल होतात, हॅप्लॉइडची पांढरी राहतात. आपल्या कोणत्या मक्यावर टोपी उमटते आणि कुठे मुळं बघावी लागतील, हे आपल्याच शेतात लावून बघावं लागेल.

म्हणून माझी मागणी थोडकी आहे. कोल्हापूरच्या मका संशोधन केंद्राकडच्या निवडक मक्यांच्या डबल हॅप्लॉइड लाइन दरवर्षी करून घ्यायला स्वतंत्र तरतूद करा. पहिली दोन वर्षं कुणीगलची मदत घ्या, त्याच काळात आपली माणसं तिथे शिकवून आणा. दाणे निवडायचं काम बहुतेक बायांच्याच हाती येईल. तयार नजर हे कसब आहे, त्याचा मेहनताना साध्या रोजंदारीने मोजू नका. कोल्चिसिन विषारी आहे, तेव्हा हातमोजे आणि बंदिस्त खोली हा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि सरकारी पैशातून झालेल्या लाइन लहान बियाणे उत्पादकांना आणि शेतकरी कंपन्यांना परवडेल अशा दरात मिळू द्या. नाहीतर आमच्या बांधावर येताना बियाण्याची पिशवी तेवढीच महाग असेल.

येत्या रब्बीत पाण्याची खात्री असलेल्या पाच एकरांवर सुरुवात करता येईल. इंड्यूसरचं बी करार करून मिळतं. त्या कराराचा अर्ज या खरिपातच जायला हवा. रब्बीची पेरणी कुणासाठी थांबत नाही.

आपला नम्र,
मका पैदाशीच्या प्लॉटवर काम केलेला एक शेतकरी,
ता. सिल्लोड