मावळतीकडची माणसं

कल्याण, गुढीपाडवा
३० मार्च २०२५

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा प्रश्न अर्धाच राहिला. आईने मध्येच फोन ओढून घेतला, 'तिकडे श्रीखंड मिळतं का' म्हणून. तुझी रूममेट कुर्द, सीरियातल्या कोबानी गावची. तिच्याबरोबर तू त्यांच्या नवरोजला, नव्या वर्षाच्या सणाला, जाऊन आलीस, आणि आल्यावर मला विचारलंस, "बाबा, आयसिसला या लोकांनी हरवलं, मग यांनाच सगळे वाऱ्यावर का सोडतात?" मी 'राजकारण असतं गं ते' म्हणून सुटलो. रात्री मात्र झोप लागेना. असं टाळण्याची माझी ही दुसरी वेळ.

लग्नाआधी मी दोन वर्षं इराकमध्ये होतो, हे तुला ठाऊक आहे. किरकुकजवळचं बांधकाम, ऊन, पगार, एवढंच मी सांगत आलो. आमच्या साइटवर एक कुर्द ट्रक ड्रायव्हर होता, वयाने मोठा. सगळे त्याला काका म्हणायचे. मला वाटायचं, आपल्याच कुणी तरी पाडलेलं नाव असणार. पण त्यांच्याकडेही 'काक' म्हणजे थोरला भाऊच. सिमेंटच्या गोणी मोजताना तो मोठ्याने म्हणायचा : येक, दू, से, चवार, पेंज, शेश... आमचा जळगावचा मुकादमही 'येक'च म्हणायचा, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. नावालाही ते 'नाव'च म्हणतात.

१९८८ च्या मार्चमध्ये काका सुट्टीवर गेला, तो परत आला नाही. साहेब म्हणाले, चौकशी करू नका. मी केली नाही. त्याच महिन्यात, १६ तारखेला, सद्दामच्या विमानांनी हलब्जा गावावर विषारी वायू सोडला. सुमारे पाच हजार माणसं मेली. आमच्यापासून काही तासांच्या रस्त्यावर, आणि मला ते कळलं भारतात परतल्यावर. काका हलब्जाचा होता की दुसरीकडचा? मी त्याला गाव कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हा सद्दाम इराणशी लढत होता, म्हणून अमेरिका त्याच्याकडे झुकलेली. १९७५ मध्ये याच्या उलट. इराणच्या शहाने आणि अमेरिकेने इराकी कुर्दांना, मुस्तफा बारझानींच्या बंडाला, बळ दिलं होतं. शहाचा आणि सद्दामचा अल्जियर्सला समझोता झाला आणि मदत एकदम बंद. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच आहे. तीन कोटींहून जास्त माणसं तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया अशी चार देशांत विभागलेली. शेजाऱ्याचे कुर्द प्रत्येकाला हवेत, घरचे कुणालाच नकोत. पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या सेव्हर्स करारात त्यांच्या देशाची शक्यता तरी लिहिलेली होती. १९२३ च्या लोझान करारात तीही गेली.

कोबानी आठवते तुला? २०१४, तू नववीत होतीस. सीमेवर तुर्कस्तानचे रणगाडे उभे, समोर आयसिसच्या वेढ्यात गाव जळतंय, आणि रणगाडे जागचे हलत नाहीत. कारण गाव लढवणाऱ्या कुर्दांची मुळं पीकेकेत, म्हणजे तुर्कस्तानातल्या कुर्दांच्या सशस्त्र संघटनेत, आणि पीकेकेशी तुर्कस्तानचं १९८४ पासून युद्ध. पुढे अमेरिकेची विमानं आली, इराकी कुर्दांचे सैनिक, म्हणजे पेशमर्गा, तुर्कस्तानातूनच तोफा घेऊन आले. २६ जानेवारी २०१५ ला, तू शाळेत झेंडावंदनाला गेली होतीस त्या दिवशी, कोबानी सुटलं.

त्याआधी, २०१४ च्या मे महिन्यात, आपल्या कल्याणची चार मुलं यात्रेच्या नावाखाली इराकला जाऊन आयसिसला मिळाली होती. एक नोव्हेंबरात परतला आणि एनआयएच्या ताब्यात गेला. ज्यांच्या विरुद्ध तुझ्या मैत्रिणीचं गाव लढत होतं, त्यांच्यात आपल्या स्टेशनवर गाडी पकडणारी मुलं होती. हे तिला सांगायचं की नाही, तुझं तू ठरव. मला नसतं जमलं.

त्या दिवसांत बंदूकधारी कुर्द मुलींचे फोटो फिरत होते. 'रणरागिणी' लिहून मीही पुढे ढकलले. आता लाज वाटते. मुली खऱ्याच लढल्या, पण आम्ही पाहिल्या त्या देवीच्या कॅलेंडरसारख्या. २०१७ मध्ये या कुर्दांच्या फौजेने आयसिसकडून रक्का घेतलं, २०१९ च्या मार्चमध्ये बाघूझ, आयसिसचा शेवटचा तुकडा. या लढाईत आपली अकरा हजार माणसं गेली, असं ते स्वतः सांगतात. त्याच ऑक्टोबरात अमेरिकी सैनिक सीमेवरून बाजूला झाले आणि तुर्की फौजा आत शिरल्या. ट्रम्प म्हणाले, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत कुर्द आमच्या मदतीला नव्हते. यावर काय बोलणार!

पण त्यांना देव्हाऱ्यातही बसवू नकोस. ऑगस्ट २०१४ मध्ये इराकमधल्या सिंजारमधून पेशमर्गा निघून गेले आणि तिथले यझिदी, एका वेगळ्या धर्माचे अल्पसंख्य लोक, आयसिसच्या तोंडी उघडे पडले. डोंगरावर अडकलेल्यांना वाट काढून दिली ती सीरियातून आलेल्या कुर्दांनी. इराकी कुर्दांमधले मसूद बारझानी (मुस्तफांचा मुलगा) आणि तालाबानी यांचे पक्ष नव्वदच्या दशकात आपसात लढले, इतके की १९९६ मध्ये बारझानींनी एर्बिल घ्यायला सद्दामच्या फौजा बोलावल्या. हलब्जानंतर आठ वर्षांनी! सीरियात कुर्दांच्या ताब्यात आलेल्या अरब गावांच्याही तक्रारी आहेत. भाऊबंदकी आपल्याला नवी नाही, म्हणून नावं ठेवताना जीभ अडखळते.

सीरियातल्या आपल्या भागाला कुर्द रोजावा म्हणतात. सूर्य बुडतो ती बाजू, पश्चिम. आपल्या भाषेत सांगायचं तर मावळ. मावळ म्हटलं की आपल्याला मावळे आठवतात, भात लावणारा माणूस आठवत नाही. तिच्या गावाचंही आपण तेच केलं आहे.

सीरियाचा हुकूमशहा असद डिसेंबरात देश सोडून पळाला. या १० मार्चला कुर्दांच्या फौजेचे सेनापती मझलूम अब्दी यांनी दमास्कसच्या नव्या सरकारशी करार केला, फौज सीरियाच्या सैन्यात सामील करण्याचा. कागदावर सही झाली, प्रत्यक्षात काय होईल याची धाकधूक तिच्या घरी असणारच. लढाईबद्दल तिला खोदून विचारू नकोस. शेतात काय पिकायचं, गहू की आणखी काही, आई भाकरी कशावर भाजायची, घर उरलंय का, हे विचार. सांगावंसं वाटलं तर बाकीचं ती आपणहून सांगेल.

आईने थालीपिठाची भाजणी केली आहे, मंगळवारी पार्सल टाकतो. दोन पिशव्या आहेत, त्यातली एक तिची. पिशवीवर नाव घालायला पेन घेतलं, तेव्हा लक्षात आलं की काल अर्धा तास बोललो आणि तिचं नाव काही मी विचारलं नाही. मंगळवारच्या आत कळव.

तुझा,
बाबा