सूचना : पूर-दरडींवर संशोधन करू इच्छिणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी,

भूगोलात एम.ए., एम.एस्सी. करणाऱ्या आणि पुढे पीएच.डी.चा विचार असलेल्या सभासदांनी येत्या रविवारी सकाळी १० वाजता नेहमीच्या जागी यावं. विषयाचा अर्ध्या पानाचा कच्चा आराखडा सोबत हवा.

विषय शोधायला लांब जायला नको. नाशिकमध्ये गोदेला पूर आला की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर कुठवर चढलं, हेच आपण आधी विचारतो. ती खूण, गंगापूर धरणाचा विसर्ग आणि सेंटिनेल-१ या युरोपीय उपग्रह मालिकेची रडार चित्रं जुळवून पाहा. रडारला ढगांची अडचण नाही. मात्र एक उपग्रह त्याच वाटेवर १२ दिवसांनी परततो, आणि पूर काही त्याच्यासाठी थांबत नाही! म्हणूनच घाटावरच्या खुणा मोलाच्या. २०१६ आणि २०१९ चे पूर घ्या. दरडींसाठी माळीण (२०१४), तळिये (२०२१), इर्शाळवाडी (२०२३).

प्रवेशासाठी डेहराडूनची आयआयआरएस (इस्रोची सुदूर संवेदन, म्हणजे उपग्रह चित्रांच्या अभ्यासाची संस्था) आणि आयआयटी मुंबईचं सीएसआरई (संसाधन अभियांत्रिकी अभ्यास केंद्र) आधी बघा. गेट या प्रवेश परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा (भूमापन, नकाशे आणि उपग्रह चित्रांचं शास्त्र) पेपर आहे. मुदती संस्थांच्या संकेतस्थळावरच तपासा, फॉरवर्डवर विसंबू नका.

लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर घरूनच टाकून या. फुकट आहे, पण डाउनलोडला वेळ खातं.